नाचात नसलेली तिसरी

अक्का, तुला जाऊन एकवीस दिवस झाले आणि तू अजून रोज संध्याकाळी पाच वाजता माझ्या जळगावच्या क्लासमध्ये बोलतेस.

मुलींना तू गेल्याचं माहीत होतं, पण स्पीकर लावला की तूच येशील हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही. नेहमीसारखा नाचाच्या ध्वनिमुद्रणाचा पेनड्राइव्ह घातला, बटण दाबलं, आणि तू मास्तरांच्या कवितेची पहिली ओळ म्हणालीस. बारा मुलींचे पाय एकदम थांबले. सगळ्यात धाकटी दाराकडे बघायला लागली. मी ओरडले, "थांबायला काय झालं? चालू ठेवा." बिचाऱ्या नाचायला लागल्या. मी आतल्या खोलीत जाऊन पाणी प्यायले आणि परत बाहेर यायला बराच वेळ लावला.

रागावू नकोस. तू रागावली असशील तर त्यासाठी नाही, हे मला कळतं. तुझा राग कशाचा आहे ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि परवापर्यंत तिसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

दहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा धुळ्यात तुझी खोली शोधत आले तेव्हा गल्लीचा नंबरच चुकले होते. दोन गल्ल्या पालथ्या घालून दमून तुझ्या दारात उभी राहिले. तू मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंस आणि विचारलंस, "कथ्थकवाली का? चालण्यावरून कळलं. एवढी ताठ का चालतेस, कुणाशी भांडण आहे?" मी "तुम्ही" म्हणायला लागले तर तुझी नाटकातली घासूनपुसून स्वच्छ केलेली मराठी एकदम बाजूला पडली. "माले 'तुम्ही' म्हणशी तं चहा भेटाव नही." तुझी अहिराणी रागात आणि लाडातच बाहेर यायची. त्या दिवशी दोन्ही होतं.

मी अभिनय शिकायला आले होते. फिरत्या नाटक कंपनीत तू तीस वर्षं काढली होतीस आणि दोंडाईचा, शिरपूर, चोपडा या बाजूची जुनी माणसं अजून तुझं नाव काढत होती. तू मला काय शिकवलंस ते लोक विचारतात. पहिलं वर्षभर तू मला नुसतं उभं राहायला शिकवलंस. "हात खाली. डोळे खाली. आता काहीच करू नको. हं, आता कर." मला वाटायचं, बाई टंगळमंगळ करते आहे. नंतर एका कार्यक्रमात मी फक्त उभी राहिले आणि समोरच्या रांगेतल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मी मनातल्या मनात तुला नमस्कार केला. तोंडावर कधी केला नाही. तुझ्यासमोर असलं काही करायची सोय नव्हती, तू लगेच नक्कल केली असतीस.

मास्तरांची नक्कल तर तू अशी करायचीस की मी त्यांना कधी पाहिलं नाही हे विसरायला व्हायचं. चोपड्याजवळच्या गावात गणित शिकवणारे, बोलताना अडखळणारे मास्तर. कविता लिहायचे आणि चारचौघांत एक ओळ म्हणायची वेळ आली की घाम फुटायचा. तुमच्या कंपनीचा मुक्काम चोपड्यात पडला तेव्हा ते वही घेऊन तंबूच्या मागच्या बाजूला आले आणि "अ-अ-अक्का, एवढं म्-म्हणून दाखवाल का" म्हणाले. तू पंचविशीची, ते चाळिशीचे. तू ती कविता नाटकाच्या मध्यंतरात म्हटलीस. लोकांनी पुन्हा म्हणायला लावली. मास्तर मागे उभे राहून ऐकत होते. त्यानंतर कंपनी जवळपास कुठेही असली की मास्तर सायकल, बैलगाडी, एसटी, मिळेल त्यानं यायचे. लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलंच. तू हसून सांगायचीस, "लोकांना दुसरं येतं तरी काय?"

पण तू गोष्ट इथे कधीच थांबवली नाहीस. पुढे नेहमी जिजी यायची. जिजी म्हणजे मास्तरांची बायको. अंगठ्याला शाई लावणारी, पण कान असा की भल्याभल्यांनी शिकावं. मास्तर लिहायचे, तू त्यांच्या चुलीपुढे बसून मोठ्यानं म्हणायचीस आणि जिजी खापरावर पोळी टाकता टाकता ऐकायची. ती काही बोलायची नाही. फक्त एखाद्या ओळीला तिचा हात थांबायचा. हात थांबला की ओळ चुकली. मग मास्तर डोकं खाजवायचे, खोडायचे, आणि जिजीच्याच तोंडचा एखादा शब्द तिथे येऊन बसायचा. "'प्रतीक्षा' हा शब्द जिजीनं कधी गिळलाच नाही," तू सांगायचीस. "तिथं 'वाट' आली, तेव्हा पोळी पुढे सरकली." एकेक कविता अशी तिघांच्या हातून गेली. तू ओळ म्हणून थांबायचीस, जिजीकडे बघायचीस, आणि मग पुढची. ती सवय तुला इतकी लागली की पुढे स्टेजवरसुद्धा तू प्रत्येक ओळीनंतर एक श्वास जास्त थांबायचीस. समीक्षकांनी त्याला काय काय नावं दिली. तू मला म्हणालीस, "अगं, मी जिजीची पोळी होण्याची वाट बघत असते."

हे सगळं मला माहीत होतं, अक्का. तुझ्या तोंडून वीस वेळा ऐकलं होतं. आणि डोळ्यांनीही पाहिलं होतं. चार वर्षांपूर्वी आखाजीला तुला चोपड्याला सोडायला मीच गाडी घेऊन आले होते. तू मास्तरांच्या नावानं पाटावर जेवायला बसतेस हे माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला सांगितलं तेव्हा तिला पटेना. तिला समजावून सांगावं लागलं, की आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात आणि कुणाला तरी पितर म्हणून पाटावर बसवून पोटभर जेवू घालतात. पुरुषाच्या नावानं पुरुषच बसतो. पण मास्तर गेल्यानंतरच्या पहिल्याच आखाजीला जिजीनं भावकीतल्या सगळ्यांना बाजूला सारून तुला पाटावर बसवलं, आणि मग दरवर्षीच. भावकी कुरकुरली. जिजी म्हणाली, त्यांच्यासारखं जेवता येतं ते हिलाच.

आणि तू जेवलीस. मी उंबऱ्याशी बसून बघत होते. तू आधी, डोळ्यांवर नसलेला मास्तरांचा चष्मा काढून पदरानं पुसलास. कुरडई आमरसात चुरलीस. पुरणपोळीचा पहिला तुकडा ताटाच्या कडेला ठेवलास. मग मान न उचलता म्हणालीस, "अ-अ-अजून एक." जिजीनं पोळी वाढली. ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी खाली येत होतं, आणि पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. अर्धा तास त्या घरात मास्तर होते.

एवढं सगळं पाहून, ऐकून मी मास्तरांच्या कवितांवर नाच बसवला आणि त्यात तुला आणि मास्तरांना, दोघांनाच घेतलं.

आपलं भांडण तुला आठवतच असेल. तुझ्या खोलीत, माझ्या क्लासमध्ये, एकदा तर चोपडा स्टँडवर उसाचा रस पिता पिता. तू म्हणायचीस, "तिसरी पाहिजे." मी म्हणायचे, "अक्का, नाचात दोघांमध्ये तिसरी बाई आली की प्रेक्षक तिला सवत समजतो. मग तो तेवढंच बघत बसतो." तू म्हणायचीस, "मग तुझ्या नाचात खोट आहे, जिजीत नाही." मी म्हणायचे, तुला आजची रंगभूमी कळत नाही. हे वाक्य मी खरंच म्हणाले, अक्का. तुला. तू रस संपवलास, ग्लास ठेवलास आणि म्हणालीस, "बरं."

तुझा आवाज मात्र मला हवा होता. तू कुरकुर न करता आलीस आणि दिवसभर माईकसमोर बसलीस. आणि मी? तुझे ते श्वास, ते थांबणं, सगळं कापून टाकलं. ताल तुटत होता म्हणून.

मागच्या चैत्रात जळगावात पहिला प्रयोग झाला. तुला पहिल्या रांगेत बसवलं, शाल दिली. शेवटी कवी नटीच्या ओंजळीत कागद ठेवतो आणि दोघं एकमेकांकडे बघत मागे मागे जातात, त्या जागेवर टाळ्या थांबेनात. लोक जाताना म्हणत होते, केवढं प्रेम! मी रंगपटात आरशापुढे बसून फुलत होते. तू आलीस, माझ्या घामेजल्या पाठीवरून हात फिरवलास. "छान नाचलीस," म्हणालीस. मग आरशातल्या मला विचारलंस, "पण दोघंच कुठे होतो गं आम्ही?" मी केसांतल्या पिना काढत होते. काढतच राहिले. शूटिंग कुणी केलं ठाऊक नाही, पण आठवड्यात ते सगळ्या खानदेशात फिरलं.

आखाजीच्या तीन दिवस आधी चोपड्याहून दरवर्षी फोन यायचा. जिजी फोनला हात लावत नाही, तिची सून बोलायची. मागच्या आखाजीला तो फोन आला नाही. आखाजी होऊन गेल्यावर तू मला ते नवं सुती पातळ दाखवलंस, घडी न मोडलेलं. "काढून ठेवलं होतं," एवढंच म्हणालीस.

मी म्हटलं, मग तूच जायचं. गाडी करून जायचं, भांडायचं. तू माझ्याकडे बघितलंस. मग शिकवताना समजावायचीस तसं शांतपणे सांगितलंस. कंपनीत शिरल्याच्या दिवशी म्हाताऱ्या मालकिणीनं सांगितलेलं. नाटकातल्या बाईनं संसारी घराचा उंबरा बोलावल्याशिवाय ओलांडायचा नाही. कुणी कितीही आपलं असो. एकदा न बोलावता गेलं की लोक म्हणतात ते खरं ठरतं. साठ वर्षं तू ते पाळलंस. "तू जा," म्हणालीस. "जिजीला समोर बसून सांग की अक्का म्हणत होती तिसरी पाहिजे, मीच ऐकलं नाही. एवढंच सांग. फोनवर नको, फोनवर सून असते."

मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात जाते म्हटलं.

पुढच्या आठवड्यात शिरपूरला प्रयोग होता. मग दोंडाईच्याला. मग नाशिकहून बोलावणं आलं, मग पुण्याहून. प्रत्येक प्रयोगानंतर तुझा फोन यायचा. कसा झाला, कुठल्या जागेवर टाळ्या पडल्या, आणि शेवटी, अगदी सहज, "चोपड्याला जाऊन आलीस का?" मी म्हणायचे, या महिन्यात नक्की. श्रावण गेला, नवरात्र गेलं, दिवाळी गेली. जळगावहून चोपडा काही विलायतेला नाही. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला माणूस घरी असतो. पण खरं सांगते, मला भीती वाटत होती. मी जिजीला हे सांगितलं असतं, तर मला तो नाच पुन्हा तसाच करता आला नसता. आणि नाच तर तसाच गाजत होता.

दिवाळीनंतर तू विचारायचं बंद केलंस. फोन करायचीस, प्रयोगाचं विचारायचीस, माझ्या गुडघ्याचं विचारायचीस, आणि ठेवून द्यायचीस. मला हायसं वाटायचं. आता त्या फोनमधली ती गप्प जागा आठवते.

पौषात तू गेलीस. त्याबद्दल मी लिहिणार नाही. ते पातळ मीच तुला नेसवलं, एवढं तुला माहीत असू दे.

गेल्या सोमवारी दुपारी, क्लास सुटल्यावर, मी तुझं मूळ ध्वनिमुद्रण काढलं. न कापलेलं. मला फक्त तुझे श्वास ऐकायचे होते. तू एक ओळ म्हणतेस, थांबतेस. पुढची म्हणतेस, थांबतेस. इतक्या महिन्यांत मी ते कधी नीट ऐकलंच नव्हतं. आणि तिसऱ्या कवितेत, एका ओळीनंतर, तू हळूच, आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणतेस, "बरं शे ना, जिजी?"

आणि लगेच माझा आवाज येतो. चिडका, घाईतला. "अक्का, मध्ये मध्ये बोलू नको ना. जिजीचं काही नाही यात. परत घेऊ."

मग तू म्हणतेस, "बरं." आणि ओळ पुन्हा म्हणतेस, न थांबता.

मी ते किती वेळा ऐकलं ते विचारू नकोस. मंगळवारी सकाळच्या एसटीनं चोपड्याला गेले. दोन्ही बाजूंना केळीचे मळे होते, वारा सुटला होता, पानं फाटली होती. पूर्ण वाटेत मला वाटत होतं की शेजारच्या सीटवर तू बसली आहेस आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघते आहेस.

जिजी अंगणात उन्हाला पाठ देऊन बसली होती. आता अगदी लहान झाली आहे ती. तू गेल्याचं तिला कळलं होतं. "बठ," म्हणाली. "चहा पिशी ना?" सून चहा ठेवायला आत गेली.

मी एसटीत वाक्यं जुळवून ठेवली होती. एकही आठवेना. मग मी फोन काढला, आवाज मोठा केला आणि तिच्यासमोर धरला. शेवटचा माझा आवाज तेवढा कापून टाकणं माझ्या हातात होतं. तसं मनात आलं नाही असं नाही. कापला नाही.

तू ओळ म्हणालीस. जिजीनं मान वर केली. तू दुसरी म्हणालीस. जिजी अंगणात इकडे तिकडे बघायला लागली, तू कुठून बोलतेस ते शोधत. मग तू म्हणालीस, "बरं शे ना, जिजी?"

"हां," जिजी म्हणाली. "म्हन पुढे."

आणि पुढे मी बोलले. जिजीचं काही नाही यात. परत घेऊ.

मी फोन बंद केला. सून चहा घेऊन दारात उभी होती, ती तशीच उभी राहिली. जिजी फोनकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"सूनना मोबाईलमा देखा मी तुन्हा नाच. मन्ही जागाच नव्हती तठे. माले वाटनं, तिनीच सांगं व्हई तुले, जिजीले काढ म्हनीसन."

"नाही जिजी," मी म्हटलं. "ती तर भांडत होती माझ्याशी. मला तुझ्याकडे धाडत होती. आखाजीपासून."

जिजीनं चहाचा कप हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला. "बलावं नही मी," ती म्हणाली. "पन पाट मांडी ठेवा व्हता. बिगर बलावता उनी असती तं माले समजतं, तिन्हा मनमा खोट नही. दिन बुडे पावोत वाट देखी." दिवस मावळल्यावर तुझ्यासाठी वाढलेलं ताट गाईपुढे ठेवलं म्हणून सुनेनं सांगितलं. पाट मात्र जिजीनं दोन दिवस उचलू दिला नव्हता.

तू धुळ्यात पातळ काढून बसली होतीस, अक्का, आणि ती चोपड्यात पाट मांडून. दोघी एकमेकींची वाट बघत होतात. मध्ये फक्त मी होते.

जिजीनं मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"अन् तू कोठे व्हती इतला दिन?"

मी नाचत होते, अक्का.